दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचं नाव

“पण अक्का, मला नवं नाव मिळणार तरी कधी?”

शार्दूलनं आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो आश्रमात आला, त्याला आठ महिने झाले होते. त्याच्यामागून आलेल्या दोघांना दीक्षा मिळाली, नावंही मिळाली. हा आपला शार्दूलच. झोप उडाली होती त्याची.

दीक्षा देणाऱ्या अक्का आश्रमाच्या दवाखान्यात पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या.

“या कॉम्प्युटरला अजून आधीच्या डॉक्टरांचंच नाव आहे,” त्या म्हणाल्या. “बदल ते. ‘आरोग्य’ ठेव.”

शार्दूलला हसूच आलं. त्यानं पडद्यावर कमांडची काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली, एंटर मारलं.

“झालं.”

“झालं?”

“दोन सेकंदांचं काम, अक्का.”

अक्कांनी हात लांबवून बटण दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा सुरू झाला. पडद्यावर नाव आलं... ‘प्रधान’.

शार्दूलचे कान तापले.

“ते तात्पुरतं होतं. कायमचं करायला वेगळी कमांड लागते.”

त्यानं ती दिली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ‘आरोग्य’ टिकलं.

तो विजयानं वळला, तोच औषधांच्या खिडकीतून शेवंताबाई ओरडल्या, “दादा, प्रिंट निघेना हो! रांग लागलीय इथं!”

“बाकीचे कॉम्प्युटर प्रिंटसाठी अजून ‘प्रधान’लाच शोधतायत,” तो चिडून म्हणाला. “आता त्यांना कोण सांगणार?”

अक्कांनी पुढची पट्टी घडीला घेतली.

शेवटी तोच उठला. औषधांची खिडकी, तपासणीची खोली, नोंदणीचं टेबल... प्रत्येक ठिकाणी जाऊन बसला, जुनं नाव पुसलं, नवं लिहिलं. रांगेत एक तापानं फणफणलेली पोर आईच्या खांद्यावर किरकिरत होती. तिच्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

परतला तेव्हा बारा वाजून गेले होते.

“सगळ्यांना कळलं आता,” उभ्याउभ्याच तो म्हणाला. “आता माझं...”

“घरी तुला कोण शोधतंय?”

त्याची चुळबुळ थांबली.

“मुक्ता... बायको. आणि मुलगी. चार वर्षांची आहे.”

“त्यांना सांगून निघालास?”

“...त्या झोपेत होत्या.”

बाहेर कुणीतरी खोकलं.

अक्का उठल्या.

“जेवून घे. पुण्याची एसटी दोनला आहे.”