टिकली मुंगीचं लोणी

तारीख सात जानेवारी, वार मंगळवार. धुकं दाट. वारा गार.

सगुणाकाकू दही घुसळत होती. घुम्म घुम्म, घुम्म घुम्म. उंबऱ्यावर टिकली मुंगी बसली होती. पहिलं लोणी उंबऱ्याला, उंबऱ्यावरचं मुंगीला, असा त्या घरचा रिवाज. बिळात टिकलीची बाळं भुकेली होती.

पण आज लोणी येईना.

"काकू काकू, माझं लोणी?"

"दृष्ट लागली गं डेऱ्याला. आणि लोणी आल्याशिवाय घुसळणारीनं उठायचं नसतं. तूच बघ बाई."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"डेऱ्या डेऱ्या, लोणी दे. टिकलीला घास मिळेना."

"दृष्ट कसली? मी गारठलोय. तापलेलं पाणी येऊ दे, मग देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाण्या पाण्या, ताप. डेरा लोणी देईना, टिकलीला घास मिळेना."

"चूल पेटू दे, मग तापेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"चुली चुली, पेट. पाणी तापेना, डेरा लोणी देईना, टिकलीला घास मिळेना."

"फुंकणी फुंकू दे, मग पेटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"फुंकणी फुंकणी, फुंक. चूल पेटेना, पाणी तापेना, डेरा लोणी देईना, टिकलीला घास मिळेना."

"एकटी कशी फुंकू? आजोबा उठू देत, मग फुंकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा आजोबा, उठा. फुंकणी फुंकेना, चूल पेटेना, पाणी तापेना, डेरा लोणी देईना, टिकलीला घास मिळेना."

घोंगडीतून आवाज आला, "धुकं सरू दे, मग उठेन. एवढीशी तू, मला उठवतेस होय?"

टिकली घोंगडीत शिरली. आत, आत, अगदी आत. पायाचा अंगठा सापडला. कच्चकन चावली.

"अगं आई गं."

आजोबा उठले, टुणकन.
फुंकणी फुंकली, फू फू.
चूल पेटली, भडभड.
पाणी तापलं, सूं सूं.
आजोबांनी डेऱ्यात थोडं ओतलं, डुबुक.
काकूनं रवी फिरवली, घुम्म घुम्म.
लोणी वर आलं, गोळाच्या गोळा.

"उतरली बघा दृष्ट," काकू म्हणाली.

"दृष्ट उतरली, पण अंगठा सुजला माझा," आजोबा म्हणाले.

काकू उठली. पहिलं लोणी तिनं उंबऱ्याला लावलं.

टिकलीनं ते बिळात नेलं. ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. सगळी बाळं जेवली.