सात मानकरी आणि एक वेस

पाणतळे गावाच्या डोक्यावर तळं होतं, आणि तळ्याचा बांध चिरला होता. चीर एवढी, की कोपरापर्यंत हात आत जावा! बांध फुटला तर सगळं गाव पाण्याखाली जाणार, आणि सगळ्यात आधी कुंभारवाडा. तो बरोबर बांधाच्या पायथ्याशी.

म्हणून गावाचे सात मानकरी, म्हणजे पाटील, कुलकर्णी, नगरशेट आणि त्यांच्यासारखेच आणखी चार म्हातारे, फेटे बांधून राजाकडे अनुदान मागायला गेले. अर्ज अकरा हात लांब होता. त्यात बांधाबद्दल दोन ओळी, बाकी सगळ्या यांच्या पदव्या!

राजा म्हणाला, "अनुदान देतो. पण बांध नवा व्हायला वर्ष लागेल. तोवर फुटला तर? गावाला स्वतःचा जीव वाचवता येतो का, ते आधी दाखवा. मी तुमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर येऊन तोफ उडवीन आणि ही भोकाची वाटी पाण्यात सोडीन. वाटी बुडायच्या आत अख्खं गाव टेकडीवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर अनुदान शेजारच्या गावाला!"

तोफ उडाली. गावाला तट होता आणि बाहेर पडायला वेस एकच. तिच्यात पाटलांची पालखी आणि कुलकर्ण्यांची बैलगाडी एकदमच घुसली आणि अडकली.

"आधी मी! माझ्याकडे ताम्रपट आहे!" पाटील गरजले.

"ताम्रपट लिहिला कोणी? माझ्या पणजोबांनी!" कुलकर्णी किंचाळले.

नगरशेट तर वाटेत आडवेच झाले. "जायचं तर माझ्या अंगावरून जा!"

बैल तयार होता. लोकांनी धरला.

वाटी तीनदा बुडाली. मानानं कुंभारवाड्याचा नंबर सगळ्यात शेवटचा, त्यामुळे ते लोक बांधाखालीच उभे राहिले.

राजा संतापला. "आठ दिवसांनी पुन्हा तोफ! तीच शेवटची!"

"चालेल महाराज," सातही जण म्हणाले, "पण पहिलं जायचा मान आपल्या आजोबांनी आम्हा प्रत्येकाला दिलाय. तो मोडला तर आपल्या घराण्याचा शब्द मोडला!"

आता राजा अडकला. "ठीक आहे. मान कोणाचाच मोडायचा नाही. पण वाटी तीच!"

हे व्हायचं कसं? म्हातारे मात्र खूश! अनुदान गेलं तरी चालेल, मान राहिला. बुडायचं ते आधी कुंभार बुडतील.

तेवढ्यात गर्दीतून सगुणी पुढे आली. ती कुंभाराची मुलगी. तिचा बाप दोन वर्षं बाजेवर पडून होता, पायात जीव नव्हता.

"महाराज, मी करते. फक्त आठ दिवस मला कोणी काही विचारू नये."

"तुला विचारतंय कोण, पोरी?" पाटील हसले.

"तेच म्हणते, पाटीलबाबा. असंच राहू द्या!"

दुसऱ्या दिवशी ती माठ घेऊन पाटलांच्या वाड्यावर गेली. "बाबा, एक विचारू? तुमचा मान एवढा मोठा, आणि गावाचं शेण ज्या वेशीतून जातं तिच्यातूनच तुम्ही जाता?"

पाटलांचा हुक्का थांबला. "मग काय करू?"

"तुमच्या वाड्याची मागची भिंत म्हणजे तटच. तिथं तुमचं एकट्याचं दार पाडलं, तर जन्मात कोणी तुमच्या आधी जाणार नाही. पण जाऊ द्या. कुलकर्णीकाका काय म्हणतील?"

"कोण कुलकर्णी? अरे, पहार आणा!"

मग ती कुलकर्ण्यांकडे गेली. "काका, पाटीलबाबा स्वतःचं दार पाडतायत म्हणे!" तिथं तर वाक्यही पुरं करावं लागलं नाही.

सातही वाडे तटाला लागून. चार दिवसांत सात दारं!

आठव्या दिवशी तोफ उडाली. सात दारांतून सात म्हातारे ऐटीत बाहेर पडले, प्रत्येक जण पहिला! वेस मोकळीच होती. तिच्यातून उरलेलं गाव झपाझप निघालं. वाटी अर्धीही भरली नव्हती, तोवर सगुणीचा बाप बाजेसकट टेकडीवर पोचून चिलीम मागत होता.

राजा खूश झाला. मग त्याची नजर तटाकडे गेली.

"अगं! तटाला सात भोकं? उद्या शत्रू आला तर? एक संकट टाळायला सांगितलं, तू दुसऱ्याला आवतण दिलंस!"

"आम्ही आधीच म्हणत होतो, महाराज!" सातही जण ओरडले.

"पहारी कोणाच्या घरून निघाल्या हो?" सगुणी म्हणाली. सगळे आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. "महाराज, तुमच्या दोन सरदारांना सांगा, शत्रू होऊन गावात शिरा. आणि वाटी सोडा."

सरदार धारराव आणि सरदार विठोजी तलवारी उपसून धावले. पाटलांच्या दाराशी दोघे थबकले.

"विठोजी, तुम्ही मागून या."

"मागून? मी?"

"मग तुम्ही दुसऱ्या दारानं जा."

"पाटलाचं दार तुम्हाला, आणि शेटजीचं मला? माझं घराणं काय रस्त्यावर पडलंय?"

वाटी भरली. वाटी बुडाली. सरदार बाहेरच!

सगुणी म्हणाली, "सात दारं उघडी आहेत, महाराज. शत्रू अजून भांडतोय. तोवर आतून अडसर घालून होतील. अडसरांपुरतं तेवढं अनुदान वाढवून द्या!"

राजा असा हसला, की डोक्यावरचा मंदिल कानावर आला. "दिलं! बांधाला दिलं, अडसरांना दिलं! आणि बांधाचं सगळं काम तुझ्या हुकमाखाली!" त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. "पण पोरी, हे सात मानकरी? यांचं काय करशील?"

"मातीच्या पाट्या वाहतील की! सात रांगा लावते, महाराज. प्रत्येकाला पहिला नंबर!"