बाळारामची चाकं

"चाचा, बाळारामची आणि तुमची ओळख किती जुनी?"

दस्तगीर उस्तादांनी अंकुशकडे पाहिलं. प्रश्न साधा नव्हता.

"त्याचं लग्न मी जमवलं. त्याच्या बायकोच्या शिव्या अजून खातोय."

अंकुश हसला नाही.

त्यांच्या फाउंड्रीत इंजिनांची बिडाची चाकं ओतत. थंड झालेलं चाक साखळीला टांगायचं, हातोडीनं हलकं ठोकायचं आणि ऐकायचं. धड चाक घंटेसारखं वाजतं. आत तडा असला तर बद्द बोलतं. हे काम उस्तादांनीच अंकुशला शिकवलं होतं.

ओतकामाचे वाळूचे साचे बाळाराम करायचा. आज अंकुशनं त्याच्या साच्यातली सगळी चाकं बाद केली होती. उस्तादही तेच म्हणाले, तर उद्यापासून येऊ नकोस, असं मुकादमानं बाळारामला सांगितलं. तो बाहेर वाळूच्या ढिगापाशी मान खाली घालून बसला होता.

अंकुशच्या मनात वेगळंच होतं. बाळाराम वाळूत भेसळ करतो. उस्ताद त्याच्या बशीतला चहा पितात, ते त्याला सांभाळून घेणार. म्हणून तो तिथून हलत नव्हता.

"माझ्यासमोर वाजवा," तो म्हणाला.

"तूच वाजव."

अंकुशनं ठोकलं. बद्द.

दुसरं टांगलं. बद्द.

"ऐकलंत?"

उस्ताद ऐकत नव्हते. ते अंकुशच्या डाव्या हाताकडे पाहत होते. मागं एकदा त्यानं पास केलेलं चाक तडकलेलं निघालं, गिऱ्हाइकाकडून परत आलं. तेव्हापासून तो प्रत्येक चाक कडेला घट्ट धरून ठोकायचा. हलू नये, फसवू नये म्हणून.

उस्ताद जवळ आले. त्यांनी अंकुशची बोटं चाकावरून सोडवली. एक एक करून, लहान मुलाची सोडवावीत तशी.

"आता मार."

अंकुशनं मारलं.

आवाज शेडभर गेला. पत्र्याला लागला. बराच वेळ राहिला…

बाहेर बाळारामनं मान वर केली.

अंकुशनं पुढचं चाक टांगलं, हात मागं घेतला आणि ठोकलं. तेही वाजलं. मग त्याच्या पुढचं. अंकुशचा चेहरा उतरत गेला.

शेवटचं चाक राहिलं. ते उस्तादांनी स्वतः टांगलं. हातोडी मारली.

बद्द.

पुन्हा मारली, दुसऱ्या बाजूनं. डोळे मिटून उभे राहिले…

मग खडू घेऊन त्यांनी चाकावर फुली ओढली.

अंकुश गोंधळला. दाराकडे बघत हळूच म्हणाला, "चाचा, राहू द्या ना एवढं. त्याला वाईट वाटेल."

"वाटेल," उस्ताद म्हणाले. "पण या चाकाचं मी ऐकून घेतलंय."