येसूआईचा विस्तव

काडेपेटी अजून डोंगर चढून वर आली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या कारवण्यात येसू नावाची कुंभारीण राहत होती. तिच्या भट्टीतला विस्तव कधी विझत नसे. कुणाची चूल गार झाली की घरची बाई खापरी घेऊन तिच्या दारात उभी राही. येसू दोन निखारे घाली, वर राख पसरी. असं म्हणतात, तो निखारा दोन डोंगर ओलांडून गेला तरी लाल राही.

त्याच अंगणात तिची थोरली जाऊ हौसा राहत होती. चूल तिचीही पेटलेली असे, पण बाया तिच्या दारावरून पुढे जात. हौसा उंबऱ्यात बसून म्हणे, "का गं बायांनो, माझ्या चुलीत काय पाणी पेटतं?" बाया हसत आणि येसूकडेच जात. ते हसू हौसाच्या पोटात जळत राही.

एका वर्षी सावळा नावाच्या गड्याने पाटलाची वेठ नाकारली, फुकट राबायला तो गेला नाही. गावाने त्याला वाळीत टाकलं. पाणी, मीठ, विस्तव, सगळं बंद. ऐन पौषात त्याची बायको भागू बाळंत झाली आणि त्यांची चूल विझली. सावळा खापरी घेऊन कुंभारांच्या अंगणाबाहेर उभा राहिला. येसूने खापरी भरून दिली. हौसाने ते पाहिलं आणि ती तडक चावडीवर गेली.

येसूला बोलावून पाटलाने विचारलं, "सावळ्याला विस्तवाचा हक्क दिला कुणी?"

भटजी मध्येच म्हणाले, "अग्नी देवाचा. हक्क देणारा देवच."

"देव वर आहे," पाटील म्हणाला. "खाली राजा आहे. राजाच्या सनदेत असेल तोच हक्क, आणि सनद माझ्या घरात आहे."

म्हातारे पंच खंडोजी खवळले. "सनद कालची! त्याआधी आपल्या वाडवडिलांनी एकमेकांना शब्द दिला. शब्दात राहील त्याला हक्क. सावळा शब्दाबाहेर गेला."

मग तिघांचंच जुंपलं. हक्क आपल्याच दारातून निघाला असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि दुसऱ्याचं दार बघवत नव्हतं.

येसू म्हणाली, "भागूचं लेकरू जन्मलं, ते तुमच्यातल्या कुणाला विचारून? ऊब मागायचा हक्क ते येतानाच घेऊन आलं."

तिघे लगेच एक झाले. येसूची भट्टी विझवली, तिला गावाबाहेर काढलं. विस्तवाचा मान हौसाला मिळाला.

आता बाया हौसाच्या दारात येऊ लागल्या. पण असं म्हणतात, तिचा निखारा घरोघरच्या उंबऱ्यात पोचला की काळा पडे. एकेक चूल गेली. देवळातली समई गेली. शेवटी हौसाची चूलही गेली आणि तिचा नातू थंडीने निळा पडला. साऱ्या कारवण्यात धूर दिसत होता तो एकाच ठिकाणी, वेशीबाहेर सावळ्याच्या खोपटावर. येसू तिथेच राहिली होती.

हौसा खापरी घेऊन गेली. दारात भागू होती. आता ही चार शब्द सुनावणार, असं हौसाला वाटलं. भागूने एवढंच विचारलं, "चूल विझली?" आणि खापरी भरली. आतून येसू म्हणाली, "अक्का, वर राख पसरा. वारं आहे."

हौसा वाटभर रडली. "शिव्या तरी द्यायच्या होत्या! इथंही येसूच पुढे!" असं म्हणतात, त्या जळण्याने खापरीतला निखारा आणखी लाल झाला. नातवाला ऊब मिळाली. मग कुणी मागायच्या आत हौसाने घरोघर विस्तव पोचवला, येसूच्या आधी. गावातली प्रत्येक चूल आता सावळ्याच्या विस्तवावर पेटली होती. त्याला वाळीत ठेवणार कोण? येसूही परत आली, आणि त्या दोघी जावा म्हातारपणापर्यंत आधी कोण देतं यावरून भांडत राहिल्या.

अजूनही पौषातल्या अमावास्येला कारवण्यात सगळ्या चुली विझवतात. पहाटे कुंभारांच्या दोन्ही घरच्या सुना येसूआईचं नाव घेऊन खापऱ्या भरतात आणि धनगरांच्या पालापर्यंत, वाटसरूपर्यंत विस्तव नेतात. कोण, कुठला, हे विचारायचं नाही. तेव्हा पारावर भटजींचे, पाटलांचे आणि खंडोजींचे वंशज हक्क आधी कुणी दिला यावर वाद घालत असतात. सुना तिकडे बघत नाहीत. "पालावर आज मी आधी पोचले," एक म्हणते. दुसरी तोंड फिरवते आणि पुढच्या पालाकडे धावत सुटते.