घाट कुणाचा?

एकदा एक राज्य दोन सख्ख्या भावांत फाटले. थोरला गडावर, धाकटा खाली समुद्राकाठी, आणि मधे एकच घाट. तोही इतका उभा, की चढताना वरच्याचा घाम खालच्याच्या मुंडाशावर पडे. घाट धाकट्याकडे गेला की गड पडलाच, हे सर्वांना दिसत होते. पण घाटातली गावे राखणारा हैबती नाईक कुणाचाच होईना. त्याचा एक मुलगा थोरल्याच्या फौजेत, दुसरा धाकट्याच्या. त्याने दवंडी पिटवली होती, की जो शस्त्रानिशी शीव ओलांडेल तो घाटाचा वैरी.

थोरल्याचे वृद्ध गुरू शिष्याला घेऊन नाईकाकडे निघाले. आता नाईकाची खरडपट्टी निघणार, या आनंदात शिष्य होता. गुरूंनी मात्र शिपाई शिवेबाहेरच थांबवले. नाईकाने त्यांना दुपारभर उन्हात बसवले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत धान्याचे बैल धाकट्याच्या तळाकडे हाकले. वर म्हणाला, "बुवा, तुमचा राजा लई घाईत असतो म्हणं."

गुरूंनी ताक मागून घेतले, ताकाची स्तुती केली आणि परत येऊन राजाला सांगितले, की शिवेवरची आपली फौज कोसभर मागे घ्यावी.

शिष्याचे डोकेच चालेना. सेनापती म्हणाला, म्हाताऱ्याला ऊन लागले. तरी राजाने ऐकले.

मोकळी शीव पाहून धाकट्याला राहवेना. त्याने फौज घुसवली, उभी नाचणी तुडवली. दिवस मावळायच्या आत नाईकाच्या माणसांनी लोटलेल्या दरडी त्या फौजेवर गडगडू लागल्या, आणि नाईकाचा माणूस थोरल्याकडे मदत मागत आला.

"गुरुजी, नाईक आपलाच होता, हे तुम्हांला ठाऊक होतं?" शिष्याने विचारले.

"नव्हता. आजही नाही. ज्याचं घर मधोमध आहे, त्याला दरडावून 'तू कुणाचा' विचारलं, की तो विचारणाऱ्याचा उरत नाही. तो आपला नाही म्हणून आपण सारे चरफडत होतो. तो त्यांचाही नाही, हे कुणी पाहत नव्हतं. तेवढ्यावर तर आपला गड उभा होता."

शिष्याने मान डोलावली. मग थबकला. "आणि धाकट्यांनीही फौज मागे घेतली असती तर?"

गुरूंनी एकदा घाटाकडे पाहिले.

"हे तू काल विचारलं नाहीस, ते बरं झालं. माझी झोप उडाली असती."

आपला गोंधळ आणि गुरूंचे शहाणपण फार लांबचे नातलग नाहीत, हे शिष्याला त्या दिवशी प्रथम कळले.