दातांत लोकर आली नाही

जनावरं माणसाला तोंडावर सुनवायची, त्या काळची गोष्ट. म्हाकुबाई धनगरणीनं भटकंती सोडून गावात घर केलं. मेंढरं दिराकडे गेली. घरी उरली एक लंगडी मेंढी आणि ढाण्या कुत्रा.

ढाण्याला वाटलं, कळप तेवढा बदलला. पोरं अंगणात पळाली की तो भुंकत मागे धावायचा आणि पायाला दात लावून वळवायचा. पोरं किंचाळत आणखी पळायची. म्हाकुबाई दारातून ओरडायची, "गप रे मुडद्या!" मालकीणही आपल्याबरोबर हाकारतेय म्हणून तो दुप्पट भुंकायचा.

एक दिवस नुकती चालायला लागलेली नात जनी उंबऱ्याबाहेर पडली. ढाण्यानं तिची टाच धरली. पोर कोसळली आणि रक्त आलं. ढाण्या थिजला. जन्मभर त्याच्या दातांत लोकर यायची. आज रक्ताची चव आली.

म्हाकुबाईनं काठी उगारली. "आत्ताच्या आत्ता रानात सोडते ह्याला!"

"सोड की!" मेंढी कडाडली. "वळायला तूच शिकवलंस. थांबायला कोण शिकवणार, तुझा दीर? ढाण्या भुंकला की पोरं पळतात, तू बोंबलतेस. मग त्याला कळपच दिसणार ना, बाई?"

म्हाकुबाईनं काठी खाली टाकली आणि जनीला उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ढाण्या भुंकला, तशी ती पोरांना म्हणाली, "हलू नका." तिनं स्वतःचंही तोंड मिटलं. कुणी पळेना, कुणी ओरडेना. ढाण्या आणखी दोनदा भुंकला आणि गोंधळून खाली बसला. म्हाकुबाईनं लगेच भाकरीचा तुकडा पुढे टाकला.

ढाण्या तुकड्याकडे बघतच राहिला. नुसतं बसल्याची भाकरी मिळते, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं.