हैबतीचा चुकलेला ठेका

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा एक माळी राहत होता. वांगी-मिरचीचा मळा पिकवावा आणि संध्याकाळी देवळात भजन ऐकावं, एवढंच त्याचं जग. ऐकता ऐकता तो मृदंग शिकला. गुरू नाही, धडे नाहीत. मोट हाकतानाही त्याची बोटं मांडीवर चालायची. लोक हसायचे. म्हणायचे, "बिनगुरूची विद्या, बिनबुडाचा तांब्या!"

देवळातले म्हातारे मृदंगवाले वारले. त्यांची जागा कुणाला द्यायची? गावात मृदंग शिकवणाऱ्या नागेशगुरुजींचा एक शिष्य तयार होता, पण पंच म्हणाले, "आधी हैबतीचा हात पाहू. उत्सवात वामनबुवांच्या कीर्तनाला तो साथ करील."

हैबतीला आभाळ ठेंगणं झालं.

कीर्तन रंगलं. हैबतीचा हातही सुरेख चालला. पण वामनबुवा आता थकले होते. अभंगाच्या ऐन भरात त्यांचा ताल सुटला आणि समेच्या आधीच त्यांनी पुढचा चरण उचलला. हैबतीने ते लगेच ओळखलं. आपला ठेका सरळ ठेवावा, तर बुवा भरसभेत उघडे पडणार. त्याने ठेका अर्ध्यातच तोडला आणि बुवांना जाऊन मिळाला. टाळकरी गोंधळले. सभेत खसखस पिकली. "तरी म्हटलं होतं, गुरू नाही त्याला!"

बुवांच्या काहीच ध्यानात आलं नाही. ते तल्लीन होऊन गात राहिले.

मृदंगाची जागा शिष्याला मिळाली. हैबती मुकाट्याने पायऱ्या उतरू लागला. मागून नागेशगुरुजी आले.

"हैबती, चूक तुझी नव्हती. मग अंगावर का घेतलीस?"

हैबती खाली मान घालून म्हणाला, "बुवांना उभ्या जन्मात कुणी हसलं नाही, गुरुजी. मला काय, सवय आहे."

गुरुजी म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडे ये. तुझा डावा हात कच्चा आहे, तो मी पक्का करतो. पण साथ कशी करायची, ते माझ्या पोरांना तू शिकव."

हैबतीने त्यांचे पाय धरले. बुवांची चूक मात्र दोघांनीही कधी ओठांवर आणली नाही.

तात्पर्य: विद्या गुरूकडून घ्यावी, नाहीतर कानांनी वेचावी, पण दुसऱ्याची लाज राखायला जी धावून येते, तीच विद्या अंगी मुरली म्हणावी.